आधी लगीन डिस्कचं

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास जागा असतो. त्यावर लिनक्स, त्याला यूएसबीने लटकवलेली डिस्क आणि त्या डिस्कवर अख्ख्या खानदानाचे फोटो. गुरुवारी दुरुस्तीसाठी आमची वीज जाते. आली की मशीन आपोआप उठतं आणि पाच मिनिटांत कोल्हापुराहून आईचा फोन येतो, "अरे, माझ्या साठीशांतीचे फोटो गेले!"

गेलेले नसतात. डिस्क अजून उठलेली नसते. वय झालंय तिचं. गरगरत, खाकरत सावकाश भानावर येते. तोवर फोटोंची सर्व्हिस, म्हणजे फोटो दाखवणारा पडद्यामागचा प्रोग्राम, आवरून तयार. तिला फोल्डर रिकामं दिसतं आणि ती इमानदारीत जाहीर करते : शून्य फोटो.

कोणी कोणानंतर उठायचं, हे बघतो लिनक्समधला सिस्टमडी नावाचा प्रोग्राम. प्रोसेस क्रमांक 1. घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांची पांघरुणं ओढणारा. पूर्वी सर्व्हिस उठवणाऱ्या स्क्रिप्टना एस20, एस35 असे नंबर असायचे, रेशनच्या रांगेसारखे. 2010 साली हा आला आणि म्हणाला, जमेल तितक्यांना एकदमच उठवू. एकच बाथरूम असलेल्या घरात वाढल्यामुळे मला ही कल्पना पहिल्यापासूनच धाडसी वाटते.

आता मूळ पाप माझंच. दिवाळीच्या साफसफाईत डिस्क काढून ठेवली होती, तेव्हा मशीन तिची 90 सेकंद वाट बघून थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नेहमीची कामं सोडून, जाऊन बसलं. म्हणून मी एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, 'नोफेल' लिहिलं : ती आली तर आली. सिस्टमडीने ते अक्षरशः घेतलं. तेव्हापासून तिच्यासाठी कोणी थांबत नाही.

मग मी सर्व्हिसच्या फाइलमध्ये डिस्कसाठी 'रिक्वायर्स' लिहिलं. म्हणजे हिच्यावाचून माझं पान हलत नाही. तरी दोघी एकदमच उठल्या! कारण रिक्वायर्समध्ये 'थांब' असं कुठेच नाही. थांबायला वेगळं 'आफ्टर' लागतं. "तो नसेल तर मी जेवणार नाही" आणि "तो बसल्यावरच मी बसेन" हे दोन निराळे हट्ट आहेत, हे मला चाळिशीत एका मशीनने शिकवलं.

चिडून मी दिसेल तिथे आफ्टर लिहीत सुटलो. फोटो बॅकअपनंतर, बॅकअप फोटोंनंतर. "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही". मशीनच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, ऑर्डरिंग सायकल म्हणजे एकमेकांसाठी थांबण्याचं चक्र सापडल्याची नोंद आली आणि वाढप्याने, म्हणजे सिस्टमडीने, सरळ एकाचं पानच उचललं. बॅकअप उपाशी.

शेवटी सापडली एक ओळ : 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' आणि पुढे फोल्डरचा पत्ता. गरज आणि रांग दोन्ही त्यातच. आधी लगीन डिस्कचं, मग फोटोंचं.

पुढच्या गुरुवारी वीज आली. पाच मिनिटं, दहा मिनिटं; फोन नाही. न राहवून मीच लावला. "आई, दिसले का फोटो?"

"थांब रे, आधी दूध उतू जातंय ते बघू दे. मग चष्मा शोधते. मग फोटो."