वकील आधी गाठा, हप्ता नंतर

माझ्या धाकट्या दिरांचा हात २०२२ साली पॉवर प्रेसमध्ये सापडला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला छोटा कारखाना, रात्रपाळी. उजव्या हाताची तीन बोटं गेली. लिही म्हणून त्यांनीच सांगितलंय.

जखम भरत आली तसे हप्ते थकायला लागले. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, वर दोन ॲपची कर्जं. वसुलीवाले सकाळी सहाला फोन करायचे, पोलीस घेऊन येतो म्हणायचे, शेजाऱ्यांनाही फोन लावायचे. भाऊजी फोन पालथा ठेवून गॅलरीत बसून राहायचे. शेवटी सासूबाईंनी पाटल्या मोडल्या, थकलेलं भरलं, आणि दोन महिन्यांत आम्ही पुन्हा तिथेच. त्या पाटल्यांचं मला अजून वाईट वाटतं. आधी वकील गाठायला हवा होता.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बायका, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. फोन १५१००. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंनी कर्जाचं नंतर विचारलं, आधी पगाराच्या स्लिपा मागितल्या. त्या फराळाच्या डब्यात, रेशनकार्डाखाली होत्या. १४,००० पगार, आणि खाली बारीक अक्षरात ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, १०५. त्या ओळीवर पेन टेकवून त्या म्हणाल्या, "दर महिन्याला हे कापलं जात होतं ना? मग अपघात कळवला का नाही?" कंत्राटदाराने कळवलाच नव्हता. खासगी दवाखान्याचं बिल भरून त्याने विषय मिटवला होता.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रात शरीराचं अपंगत्व मोजतात आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतं. ईएसआयचं मेडिकल बोर्ड बघतं ते कमाईची ताकद किती गेली ते. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात ३० टक्के धरतात. म्हणजे एका खिडकीवर 'बसत नाही' ऐकून परत आलेल्या माणसाला दुसरीकडे आयुष्यभराचं पेन्शन मिळू शकतं. भाऊजींना मिळालं. रक्कम छोटीच आहे, पण दर महिन्याला येते.

आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या कलम ६० प्रमाणे हे पैसे कोर्टाच्या हुकुमानेही कर्जापोटी जप्त होत नव्हते. म्हणूनच म्हणते, कर्ज आणि अपंगत्वाचा दावा दोन्ही एकाच वकिलापुढे एकाच दिवशी ठेवा. कर्ज एकाला आणि दावा दुसऱ्याला दाखवलात तर ही गोष्ट तुम्हाला कोण सांगणार?

धमक्यांचंही ऐकून ठेवा. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही (चेक बाउन्सचं प्रकरण वेगळं). वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. प्रामाणिकपणे हात रिकामे असलेल्या माणसाला कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय.

नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेण्याचा, अर्जही करता येतो. पण ठाणेकराला तो १९२० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात करावा लागतो, आणि चेकनाका ओलांडून मुलुंडला राहणाऱ्याला १९०९ च्या कायद्याखाली हायकोर्टात! २०१६ ला नवी दिवाळखोरी संहिता आली, कंपन्यांना लागू झाली. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाही २०१९ पासून लागू झाली. साध्या पगारदाराचा भाग मात्र अजून कागदावरच आहे. कंपनी बुडाली तर तिला नव्याने उभं राहायला कायदा आहे, मग बोटं गमावलेल्या कामगाराने इंग्रजांच्या काळातल्या कायद्यावर का भागवायचं? याचा मला खरंच संताप येतो. आपल्या आमदार-खासदारांना हे कुणीतरी विचारायला हवं.

भाऊजींनी नादारी घेतली नाही. वकीलबाईंनी प्रत्येक बँकेला पत्र दिलं, तडजोडी लेखी करून घेतल्या. आता ते एका सोसायटीत रात्री वॉचमन आहेत, डाव्या हाताने सही करतात.

कुणाला एकट्याने कोर्टाची पायरी चढायची भीती वाटत असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, मी बरोबर येईन. तोवर पगाराच्या स्लिपा तेवढ्या शोधून ठेवा.