‘ज्याची फौज मोठी तो जिंकतो’? हिरोज थ्रीबद्दलचा एक लाडका गैरसमज

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या संगणकीय खेळांच्या मालिकेचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं. शब्द बदलतात, आशय तोच असतो: हा डोक्याचा खेळ नाहीच, ज्याची फौज मोठी तो जिंकतो आणि उरलेलं नशीब ठरवतं. पाळीपाळीने खेळायचं असल्यामुळे घाई नाही, दडपण नाही. आणि १९९९ साली आलेला तिसरा भाग लोक अजून खेळतात ते निव्वळ लहानपणच्या आठवणींपोटी.

चार विधानं, चारही छातीठोक. तिसरा भाग मी इतका खेळलोय की तटस्थपणाचा आव आणणार नाही. पण पुढचे हिशेब कुणालाही खेळ उघडून ताडून पाहता येतील.

फौजेपासून सुरुवात करतो, कारण तिथे थोडं तथ्य आहे. संगणकाविरुद्ध सोप्या पातळीवर खेळत असाल, तर मोठी फौज जमवून सरळ चाल करून जाणं खपून जातं. प्रत्येक तुकडीच्या पायाशी आकडा लिहिलेला असतो, मोठा आकडा छोट्याला खातो, आणि माणसाचा समज पक्का होतो. गडबड अशी की तो आकडा म्हणजे ताकद नाही. हल्ला करणाऱ्याचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जितक्या गुणांनी जास्त, तितक्या गुणांमागे पाच-पाच टक्के नुकसान वाढतं. वीस गुणांचा फरक पडला की तेच शंभर सैनिक दोनशेंइतकं मारतात. यातले बरेच गुण हिरोकडून (फौजेच्या सेनापतीकडून) येतात, म्हणजे तो कुठे कुठे फिरला, काय काय गोळा केलं, कुणाशी लढला, यातून. पायाशी लिहिलेल्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आता एक छोटी लढाई जवळून बघू. तुमच्याकडे शंभर स्केलेटन आहेत, समोर दहा ऑगर. सगळे स्केलेटन एकाच ढिगात ठेवून हल्ला केलात तर तीन-चार ऑगर पडतील, आणि उरलेल्यांच्या उलट वारात तुमचे दहा-बारा स्केलेटन सहज जातील. त्याऐवजी पंच्याण्णवांचा एक ढीग करा आणि पाच जण एकेकटे वेगळ्या घरांत ठेवा. पहिल्यांदा एकटा स्केलेटन जाऊन ऑगरला टोचतो. ऑगर चिडून उलट वार करतो, तो एक स्केलेटन मरतो. पण बहुतेक प्राण्यांना एका फेरीत उलट वार एकदाच करता येतो (ग्रिफिनसारखे अपवाद सोडून). तो खर्ची पडला की पंच्याण्णव जण निर्धास्त जाऊन तुटून पडतात. दहा-बाराच्या जागी एक गेला. फौज तीच, आकडा तोच, फक्त मांडणी बदलली. असं प्रत्येक छोट्या चकमकीत वाचवत गेलेला आणि न वाचवणारा, हे दोघे महिनाभरानंतर समोरासमोर आले की लोक म्हणतात, ‘बघ, ज्याची फौज मोठी तो जिंकला.’ ती मोठी राहिली कशी, हे कुणी विचारत नाही.

मग जादू. रणांगण पंधरा षट्कोन रुंद. आर्केंजलचा वेग अठरा, म्हणजे पहिल्याच चालीत तो तुमच्या धनुर्धाऱ्यांच्या छातीवर. अर्थ मॅजिक या जादूच्या शाखेत एक्स्पर्ट असलेल्या हिरोने ‘स्लो’ टाकला, तर तो शत्रूच्या सगळ्या तुकड्यांना लागतो आणि वेग निम्म्यावर येतो. अठराचे नऊ झाले की पंधरा घरं ओलांडणं संपलं. स्लो हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे, अगदी बाळबोध. ‘बर्सर्क’ तर याच्या पुढचा: ज्याच्यावर पडतो ती तुकडी सर्वांत जवळ जो असेल त्याच्यावर तुटून पडते, आपला-परका बघत नाही. अशा वेळी शत्रूचा ढीग जितका मोठा तितकं त्याचं स्वतःचं नुकसान मोठं. इथे मोठी फौज ही चक्क अडचण आहे.

आणि जुन्या खेळाडूंची आवडती जोडी विसरून कसं चालेल? ब्लॅक ड्रॅगनवर कुठलीच जादू चालत नाही, स्वतःच्या हिरोचीसुद्धा. ‘आर्मागेडन’ रणांगणावरच्या सगळ्यांना भाजतो. मग फक्त दोन-तीन ब्लॅक ड्रॅगन घेऊन यायचं आणि दर फेरीला आर्मागेडन टाकायचा. हिरोची पॉवर (मंत्रांची ताकद) दहा आणि फायर मॅजिक एक्स्पर्ट असेल, तर प्रत्येक तुकडीला दर वेळी ६२० नुकसान. पाइकमनचे दहा हिटपॉइंट धरले तर शंभरांतले बासष्ट एका फटक्यात गारद. ड्रॅगन मात्र जांभया देत उभे.

बरं, खुद्द खेळ तरी आकड्यांना किती भाव देतो? नकाशावर वाटेत उभ्या असलेल्या रानटी टोळीवर राइट क्लिक केलं तर आकडा मिळत नाही, शब्द मिळतो. ‘होर्ड’ म्हणजे पन्नासपासून नव्याण्णवपर्यंत काहीही. फरक दुपटीचा, आणि निर्णय तुम्ही त्या धूसर शब्दावर घ्यायचा.

नशिबाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. लढाईतला ‘लक’ जास्तीत जास्त तीन, आणि तेव्हाही दुप्पट नुकसानाची शक्यता साडेबारा टक्के. नशीब आहे, पण मीठ म्हणून. खरं नशीब दुसरीकडे आहे आणि ते मी मान्य करतो: मेज गिल्डमध्ये, म्हणजे मंत्र शिकवणाऱ्या शहरातल्या इमारतीत, कुठला मंत्र निघेल हे आपल्या हातात नसतं. चौथा मजला बांधून ‘टाउन पोर्टल’ (हिरोला थेट आपल्या शहरात नेणारा मंत्र) निघालं नाही की जीव चरफडतो. हिरोची पातळी वाढताना समोर येणारी कौशल्यंही ठरलेली नसतात. पण तिथेही पूर्ण आंधळेपणा नाही. विस्डम हे वरच्या पातळीचे मंत्र शिकू देणारं कौशल्य मॅजिक हिरोला तीन पातळ्यांत एकदा आणि माइट हिरोला सहा पातळ्यांत एकदा पुढे येतंच, हे माहीत असलेला खेळाडू त्यासाठी जागा राखून ठेवतो. एकूण आठच जागा असतात. स्पर्धेतले खेळाडू तर डाव सुरू होण्यापूर्वी शहरांसाठी सोन्याची बोली लावतात: चांगलं शहर हवंय ना, मग सुरुवातीच्या सोन्यातून किंमत मोज. नशिबावर सगळं ढकलणाऱ्यांचं बऱ्याचदा नाचता येईना अंगण वाकडं असं असतं. माझंही झालंय.

आता सगळ्यांत चुकीचा मुद्दा: पाळीचा खेळ म्हणजे घाई नाही.

घड्याळाची घाई नसेल (आंतरजालावरच्या सामन्यांत टायमर असतो, तिथे तीही असते), पण या खेळाचं खरं चलन सोनं नाही, दिवस आहे. मालिकेचा पूर्वज १९९० चा ‘किंग्ज बाउंटी’. त्यात हरवलेला राजदंड ठराविक दिवसांत शोधायचा असे. हिरोजमध्ये ती मुदत दिसेनाशी झाली, पण नकाशाच्या मातीत मुरली. शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते. सैनिकांची नवी पैदास फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी येते. यातून काय पेच पडतो बघा.

दुसऱ्या आठवड्याचा सातवा दिवस. ‘कॅसल’ जातीचं शहर, ‘सिटाडेल’ ही तटबंदी उभी आहे, एंजलचं निवासस्थान कसंबसं बांधून झालंय. तिजोरीत पाच हजार सोनं. पाच हजारांत सिटी हॉल होतो. त्याने उद्यापासून रोज हजार जास्त मिळतील. पाच हजारांतच, लाकूड आणि खनिज हाताशी असेल तर, पुढची तटबंदी होते, तिचंही नाव ‘कॅसल’च. नवखा खेळाडू सिटी हॉल बांधतो, कारण पैशाने पैसा वाढतो. पण उद्या पैदासीचा दिवस आहे. सिटाडेलवर पैदास दीडपट, कॅसलवर दुप्पट. पाइकमन एकवीसऐवजी अठ्ठावीस. एंजल आठवड्याला एक, त्याचे दीडपट म्हणजे खाली पूर्णांक धरून पुन्हा एकच. कॅसल असेल तर दोन. आज कॅसल बांधला आणि सिटी हॉल उद्यावर टाकला, तर बुडतात एक हजार. उलट केलं, तर अख्ख्या आठवड्याचा एक एंजल बुडतो, शिवाय बाकी सगळ्या सैनिकांची भर. एंजलची किंमत तीन हजार आहे, पण त्या आठवड्यात पैसे देऊनही दुसरा मिळत नाही. एका दिवसाचा फरक, आणि तो परत घेता येत नाही. ‘घाई नाही, दडपण नाही’ म्हणणाऱ्याने हा दिवस कधी पाहिलाच नसावा.

चालण्याचंही तेच. हिरोला दिवसाला किती चालता येईल हे सकाळी त्याच्या फौजेतल्या सर्वांत मंद प्राण्यावरून ठरतं. वॉकिंग डेड सोबत असेल तर पंधराशे पॉइंट. सगळे अकरा किंवा जास्त वेगाचे असतील तर दोन हजार. साध्या जमिनीवर एका घराला शंभर, दलदलीत पावणेदोनशे, फरसबंद रस्त्यावर पन्नास. म्हणून जाणता खेळाडू संध्याकाळी मंद प्राणी दुसऱ्या हिरोकडे देऊन ठेवतो आणि सकाळी, पॉइंट ठरल्यावर, परत घेतो. साध्या जमिनीवर पाच घरं फुकटात. पुढे जाऊन तो वाटेवर ठरावीक अंतराने बिनफौजी हिरो उभे करतो. पहिला थकला की फौज दुसऱ्याच्या हाती, तो थकला की तिसऱ्याच्या. फौज एका दिवसात अर्धा नकाशा कापते, आणि तीन दिवस लांब आहे असं वाटणारा शत्रू तुमच्या वेशीवर उभा राहतो. माझ्यावर हे पहिल्यांदा झालं तेव्हा समोरच्याने काहीतरी लबाडी केली असंच मला वाटलं होतं. माझी फौज त्याच्यापेक्षा मोठी होती. ती फक्त चुकीच्या शहरात होती.

राहता राहिल्या आठवणी. त्यांचा वाटा आहेच. त्या शहरांचं संगीत कानावर पडलं की मीही विरघळतो. पण आठवणींवरच सगळं चाललं असतं, तर २०१५ ची एचडी आवृत्ती डोक्यावर घेतली गेली असती. चित्रं चकचकीत केली होती, खेळ तोच होता. विस्तारांचं मूळ कोड हाताशी नसल्यामुळे ‘आर्मागेडन्स ब्लेड’ आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ त्यात नव्हते, आणि त्यांच्यासोबत रँडम मॅपही (खेळाने दर वेळी नव्याने तयार केलेले नकाशे) गेले. मुरलेल्या खेळाडूंनी पाठ फिरवली. ते राहिले ‘हॉर्न ऑफ द अबिस’ या चाहत्यांनी बनवलेल्या भरीकडे, जिच्यात २०११ पासून ‘कोव्ह’ हे शहर आहे आणि २०२३ च्या अखेरीस ‘फॅक्टरी’ आलं. या दोन्ही शहरांशी कुणाचंच लहानपण जोडलेलं नाही. तरी फॅक्टरी आलं तेव्हा लोकांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्यातल्या प्राण्यांचे वेग आणि पैदासीचे आकडे तपासून सातव्या दिवशी काय बांधायचं यावर वाद घालायला सुरुवात केली.