समुद्र भरलाय

माझे बाबा गुहागरचे. मागच्या दारानं निघून माडाची वाडी ओलांडली की पायाखाली वाळू. अशा माणसाला न्यू जर्सीत समुद्रावर न्यायचं म्हणजे हलवायाला पेढे दाखवायला नेण्यातला प्रकार. तरी नेलं.

जुलैतला रविवार. आयलंड बीच स्टेट पार्क. पोहे खाऊन, पुऱ्या-भाजी डब्यात भरून एडिसनहून निघेपर्यंत साडेदहा झाले. पार्कवेला एक्झिट ८२, मग टॉम्स रिव्हर, मग पूल, आणि मग रांग. पाऊण तास रांगेत सरकल्यावर गणवेशातल्या मुलीनं गोड हसून सांगितलं, "फुल झालंय, परत फिरा."

"काय म्हणते?"

"भरलंय म्हणते."

"भरती आहे? मग ओहोटीला येऊ की!"

पार्किंग भरलंय म्हणून समुद्र बंद, हे त्यांना घरी पोचेपर्यंत पटलं नाही. "तिकीट काढून समुद्र बघायचा, आणि वर तोही मिळत नाही!"

त्यांना गप्प करायला मी इतिहास काढला. पोलादसम्राट कार्नेगीचा भागीदार हेन्री फिप्स, त्यानं १९२६ साली ही जागा घेतली. श्रीमंतांसाठी रिसॉर्ट उठवायचा बेत होता. बंगले उठले तीन, तोवर १९२९ साली वॉल स्ट्रीट कोसळला आणि बेत बारगळला. पुढे १९५३ मध्ये राज्य सरकारनं जागा विकत घेतली, १९५९ पासून लोकांना खुली.

"मार्केट पडून कुणाचं भलं झालेलं पहिल्यांदाच ऐकतोय," बाबा म्हणाले. त्यांच्याकडे काही जुने शेअर आहेत.

त्यातला एक बंगला आता गव्हर्नरचा. २०१७ च्या जुलैत बजेट अडलं, सरकारी पार्कं लोकांना बंद, आणि गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती सहकुटुंब याच वाळूत खुर्ची टाकून बसलेले. विमानातून फोटो निघाला. फोटो छापून यायच्या आधी साहेब म्हणालेले, आज ऊन घेतलंच नाही. फोटो आल्यावर प्रवक्त्याचा खुलासा: त्यांच्या डोक्यावर टोपी होती. ही गोष्ट बाबांना इतकी आवडली की गुहागरला फोन लावून दोघांना सांगितली.

पुढच्या रविवारी सहालाच निघालो. पोह्यांविना. यावेळी आत घेतलं.

पार्किंगमध्ये पहिलं दर्शन कोल्ह्याचं. तांबूस, झुपकेदार शेपटीचा, गाडीपाशी येऊन शांतपणे बसला, जेवायला बोलावल्यासारखा. खायला घालू नका अशी पाटी शेजारीच. आईनं भाकरवडीचा पुडा पदराखाली घेतला. कोल्ह्यानं आईकडे असं पाहिलं की पुढचा तासभर तिला अपराधी वाटत होतं.

समुद्राला बाबांनी पाय लावला आणि काढून घेतला. "हा समुद्र आहे की फ्रीजमधलं पाणी?" मग वारा खाडीकडून फिरला आणि माश्या आल्या. हिरव्या डोळ्यांच्या. चावल्या की रक्त काढतात. बाबांनी पोटरीवर एक मारली, तळहातावर घेऊन चष्म्याखालून न्याहाळली.

"ही गोमाशी! मैलभर एक गाय दिसत नाही, आणि ही जगते कशावर?"

"आपल्यावर," आई म्हणाली.

टॉवेल गुंडाळून आम्ही बसून राहिलो. दक्षिणेला बार्नेगटचं दीपगृह, मागे वाळूच्या टेकड्या. त्यावर चढायचं नाही, तिथलं गवत वाळू धरून ठेवतं. संध्याकाळी लोक पांगले, पण बाबा हलेनात. पाण्याकडे तोंड करून खुर्चीत ताठ.

"निघू या?"

"थांब. सूर्य बुडताना बघून जाऊ."

आता हे कसं सांगायचं? गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो. हा अटलांटिक. इथे सूर्य समुद्रातून येतो, आणि बुडतो मागे, खाडीत.

सांगितलं. बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, खुर्ची उचलली, गरगर फिरवली आणि अख्ख्या अटलांटिककडे पाठ करून पार्किंगकडे तोंड करून बसले.

कोल्हा तिथेच होता.