केनी जीचा अल्बम आणि अमीर खाँसाहेबांचं इंदूर

काका, नमस्कार. अमेरिकी सॅक्सोफोनवादक केनी जीच्या ‘न्यू स्टँडर्ड्स’ या अल्बमवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. हे लिफ्टमध्ये नि हॉटेलांत वाजणारं संगीत आहे, आणि ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदूरात राहून अशा गुळमट वाजवण्याला दाद द्यावी याचं वाईट वाटलं, असं तुम्ही लिहिलंत. कळकळीनं लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

लिफ्टचं आधी. चीनमध्ये कित्येक वर्षं दुकानं बंद व्हायच्या वेळी केनी जीचीच एक धून लावतात. ती ऐकली की लोक घरी निघतात. पण आपल्याकडे मंगल कार्यालयात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई जेवणावळीच्या गलक्यात लावतातच की. तेवढ्यानं ती हलकी ठरत नाही.

अमीर खाँसाहेबांचा मुद्दा मात्र मोठा आहे. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या झुमरा तालाचं चौदा मात्रांचं आवर्तन भरताना ते दोन स्वरांमध्ये जी जागा मोकळी सोडतात, तीच आपल्याला धरून ठेवते. संथ गाणं किती भरलेलं असू शकतं, हे मी त्यांच्याच रेकॉर्डवर शिकलो. म्हणून तर केनी जीचे जुने अल्बम, १९८६चा ‘ड्युओटोन्स’ धरून, मला सलग ऐकवत नाहीत. सोप्रानो सॅक्सोफोन श्वासापुरता थांबला की कीबोर्ड ती जागा लगेच बुजवतो. मला गोडव्याचा त्रास होत नाही, उसंत मिळत नाही याचा होतो. २०२१च्या ‘न्यू स्टँडर्ड्स’मध्ये तो १९५०-६०च्या काळातल्या जॅझ बॅलडच्या, म्हणजे संथ जॅझ गाण्यांच्या, वळणाकडे गेलाय. साथ मागे सरकलीय, सुरावट संपली की तिचा शेवट कानात राहू शकतो. माझी दाद होती ती याला.

आणि हे सोपं नाही, काका. सोप्रानो सुरात ठेवणं अवघड. ओठांची पकड जराशी ढिली पडली की स्वर उतरतो. हळू वाजवायला जावं तर नुसती हवा ऐकू येते. १९९७ साली त्यानं एकच स्वर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरून विक्रम केला, गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत. आपले सनईवाले हे पिढ्यान्पिढ्या करत आलेत, त्या विक्रमाचं मला फारसं अप्रूप नाही. लांब स्वर न डळमळता विरवत नेणं, ते मला मोलाचं वाटतं.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याहून कडक आहे. स्टॅन गेट्झ हा थोर सॅक्सोफोनवादक १९९१ साली वारला. त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगमधले सुटे स्वर उचलून, एक नवीकोरी चाल जणू त्यानंच वाजवली अशी या अल्बमात जुळवली आहे. लपवलेलं काही नाही, नावातच गेट्झचा उल्लेख आहे. तरी मला ते सहन होत नाही. कुठे जोर द्यायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे वाजवणाऱ्यानं त्या क्षणी ठरवलेलं असतं; इथे गेट्झनं काहीच ठरवलेलं नाही. १९९९मध्ये दिवंगत जॅझ कलाकार लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगवर केनी जीनं आपला सॅक्सोफोन चढवला, तेव्हा गिटारवादक पॅट मेथेनी भडकला होता. उद्या कोणी अमीर खाँसाहेबांचे सुटे षड्ज-गंधार गोळा करून त्यांनी कधी न गायलेली बंदिश उभी केली, तर मी ती ऐकणार नाही, तुम्हीही ऐकणार नाही.

गेट्झची तेवढी एक चीज वगळा आणि बाकीचा अल्बम रात्री, रहदारी थांबल्यावर, स्पीकरवर ऐका. मोबाईलच्या आवाजात त्या जागा कळतच नाहीत. जिथे उसंत पुन्हा बुजवलीय असं वाटेल, ते नेमकं लिहून कळवा. मी तिथे पुन्हा ऐकेन.