शून्याच्या खाली कसं जायचं, या, सांगतो

यंदा गणपतीत आमच्या रामबागेत आरती चालली होती, तबक माझ्या हातात, 'घालीन लोटांगण' सुरू झालं आणि खिशात फोन थरथरला. उचलायला नको होता, उचलला. पलीकडून माझ्या ब्रोकरकडच्या मुलाचा गोड आवाज, "सर, आपका लेजर सत्तहत्तर हज़ार डेबिट दिख रहा है, कल तक क्लियर कर दीजिएगा." लेजर म्हणजे त्यांच्याकडचं माझं खातं, ते उणे झालेलं. मी म्हटलं, अरे भिया, पैसे मी टाकले, शेअर मी गहाण ठेवले, नुकसान माझं झालं, मग देणंही माझंच कसं? तर म्हणे, "सर वो एमटीएम का है." एमटीएम म्हणजे सौद्याचा रोजच्या रोज होणारा नफा-तोट्याचा हिशोब. मागे सगळे स्वतःभोवती गोल फिरत होते, मीही फिरलो.

तर मंडळी, पैसे शून्य करणं कुणालाही जमतं. एखादा भंगार शेअर घ्या, कंपनी बुडू द्या, झालं. शून्याच्या खाली जाऊन ब्रोकरचं देणेकरी व्हायला मात्र थोडी तयारी लागते. पोस्टात आरडी भरत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या माणसाला जमलं तर तुम्हाला का नाही जमणार. म्हणून हे अनुभवाचे बोल, फुकट, कुठलाही टेलिग्राम ग्रुप जॉइन न करता.

सगळ्यात आधी आपण इंदूरचे आहोत हे लक्षात ठेवा. याच गावात सर सेठ हुकुमचंदांनी कापसाच्या सट्ट्यात नाव काढलं आणि काच मंदिर बांधून ठेवलं. आपल्या रक्तातच आहे असं स्वतःला सांगत सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खात उभं राहायचं आणि मोबाईलवर डॉलर-रुपयाचा चार्ट उघडायचा. बाजार पाचलाच बंद झालेला असतो, पण चार्ट बघायला काय जातंय. शेठजींकडे गिरण्या होत्या, आपल्याकडे पगाराचा अकाउंट आहे, एवढाच काय तो फरक.

मग ब्रोकर एक डिक्लेरेशन पाठवेल. आरबीआयचं म्हणणं असं की करन्सी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या चलनाचे आजच ठरवलेले सौदे, हे ज्यांना खरंच परकीय चलनाची देणीघेणी आहेत त्यांच्यासाठी. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण तशी खरी देणीघेणी, म्हणजे एक्स्पोजर, असायला मात्र हवं. २०२४ मध्ये हे पुन्हा एकदा ठणकावून सांगितलं तेव्हा निम्मे लोक बाजारातून पळाले. तुम्ही पळू नका, टिक करा. मी केलं. माझा पुतण्या टेक्सासला एमएस करतोय, त्याची फी डॉलरमध्ये भरायची असते, म्हणजे एक्स्पोजर आहेच की! आता फी भरायची तर डॉलर विकत घेऊन ठेवायला हवेत, एवढी अक्कल पाचवीतल्या पोरालाही असते. मी डॉलर विकले. फ्युचर्समध्ये. म्हणजे डॉलर चढला की तोटा माझा. हेजिंगच्या, म्हणजे भावाच्या धोक्यापासून बचावाच्या, नावाखाली नेमकं उलट्या बाजूला बसलो, आणि डिक्लेरेशनवर सही माझीच, हस्ताक्षर सुंदर.

लॉट मोजत बसू नका. एक लॉट हजार डॉलरचा, मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, जेमतेम अडीच टक्के. आधी साठ विकले, भाव वर गेला तेव्हा विक्रीचा सरासरी भाव वाढवायला 'अ‍ॅव्हरेज' म्हणून आणखी पन्नास. एकशे दहा लॉट म्हणजे १,१०,००० डॉलर, म्हणजे जवळजवळ ९६ लाख रुपये. मंडळी, माझं राहतं घर विकलं तरी ९६ लाख येणार नाहीत आणि मी ते पोहे खाता खाता विकून मोकळा झालो होतो. स्क्रीनवर ९६ लाख कुठेच लिहिलेलं नसतं हं. 'मार्जिन रिक्वायर्ड' तेवढं दिसतं, दोन लाख चाळीस हजार, आणि तेवढाच आपला धंदा आहे असं वाटायला लागतं. एक पैसा हलला की अकराशे रुपये.

घरी सांगू नका. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या सौद्यांची पावती, ईमेलवर येते, उघडतंय कोण.

स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करून तोटा थांबवणारी ऑर्डर, लावू नका, मार्केट तो खायलाच येतं हे सगळ्यांना माहीत आहे.

मध्यवर्ती बँकेवर मात्र पूर्ण श्रद्धा हवी. ब्रोकरकडचा मुलगा मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, "सर, आरबीआई बैठी है ना, रुपये को गिरने थोड़ी देगी." असंच स्वित्झर्लंडमध्येही लोक बसले होते. तिथल्या नॅशनल बँकेनं सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. लोकांना वाटलं, अरे वा, तळ तर सरकारी आहे, इथे युरो घ्या आणि निवांत बसा. तीन वर्षांहून जास्त बसलेही. १२ जानेवारी २०१५ ला बँकेचे उपाध्यक्ष म्हणाले की ही मर्यादा आमच्या धोरणाचा पाया राहील. १५ तारखेला सकाळी बँकेनं ती काढूनच टाकली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली. १.१९ ला स्टॉपलॉस लावून झोपलेल्या शहाण्यांचे सौदे कुठल्या कुठे खाली जाऊन सुटले, कारण मधल्या भावांना घेणारंच कुणी नव्हतं. स्टॉपलॉस म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, समोर माणूस उभा असेल तरच तो विकला जातो.

आता हिशोब करा. हजार डॉलर ठेवून पन्नासपट, म्हणजे पन्नास हजारांचा सौदा. दोन टक्के उलटं गेलं की हजार साफ. पंधरा टक्के गेलं की साडेसात हजारांचं नुकसान, त्यातले हजार तुमचे आणि साडेसहा हजार तुम्ही देणं लागता. एफएक्ससीएम नावाच्या एकट्या ब्रोकरच्या ग्राहकांकडे असं २२.५ कोटी डॉलरचं देणं निघालं, ब्रोकरला स्वतःलाच ३० कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं, आणि अल्पारी यूके नावाची दुसरी ब्रोकर कंपनी तर बसलीच. पुढे एफएक्ससीएमनं बहुतेक छोट्या ग्राहकांची देणी सोडून दिली आणि २०१८ मध्ये युरोपानं नियमच केला की किरकोळ माणसाचं नुकसान त्यानं खात्यात टाकलेल्या पैशापलीकडे जाता कामा नये. आपल्याकडे? आपल्याकडे आरतीच्या वेळी फोन येतो.

चलनच हवं असंही काही नाही बरं का. सियागंजातले आमचे एक ओळखीचे व्यापारी २० एप्रिल २०२० ला क्रूडचे, म्हणजे कच्च्या तेलाचे, दोन लॉट घेऊन बसले होते. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स हा आपला कमॉडिटी बाजार पाचला बंद, भाव बॅरलला ९६५ रुपये, "इससे नीचे क्या जाएगा." रात्री अमेरिकेत तेल उणे झालं आणि आपल्याकडे सेटलमेंट, म्हणजे सौदा मिटवायचा भाव, लागली उणे २,८८४ रुपये. शंभर बॅरलचा लॉट, एका लॉटला पावणेचार लाखांहून जास्त. बाजार बंद, ते काहीच करू शकत नव्हते, झोपले होते. अजूनही क्रूड म्हटलं की ते दुकानातून उठून बाहेर जातात. मी तेव्हा त्यांना हसलो होतो.

भारतीय ब्रोकर कंटाळवाणा वाटला तर पाचशेपट लिव्हरेज देणारी, म्हणजे ठेवलेल्या पैशाच्या पाचशेपट सौदा करू देणारी, परदेशी अ‍ॅप आहेतच, आरबीआयनं त्यातल्या बऱ्याच जणांची नावं अलर्ट लिस्टमध्ये छापली आहेत, तीच यादी घ्या आणि वरून सुरू करा, परकीय चलनाच्या कायद्याचं, फेमाचं लफडं वर फ्री.

आता मुख्य कला, गहाण. बाबांनी एकेक करून घेतलेले शेअर माझ्या नावावर आले होते, डिमॅटमध्ये पडून. ब्रोकर म्हणतो, नुसते पडलेत कशाला, प्लेज करा, मार्जिन मिळेल, ओटीपी टाका. टाकला. वीसेक टक्के कापून बाकीची किंमत लगेच मार्जिन म्हणून हजर, वाटतं फुकट पैसे सापडले. अर्धी मार्जिन रोख हवी असते, नसली तर तेवढ्यावर व्याज, हे नंतर कळतं. आणि त्याहून नंतर कळतं की रोजचा तोटा त्या गहाण शेअरमधून वळताच होत नाही, तो रोखच द्यावा लागतो. रोज. शुक्रवारी डॉलर साठ पैसे चढला, माझे ६६,००० गेले, खात्यात रोख होते २२,०००. अ‍ॅपवर मार्जिन हिरवीगार, काळजीचं कारण नाही, आणि खाली बारीक अक्षरात लेजर उणे. मला वाटलं सोमवारी येईल खाली. सोमवारी उघडला तो आणखी तीस पैसे वर. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या आरएमएसनं, म्हणजे जोखमीवर नजर ठेवणाऱ्या सिस्टमनं, माझे सगळे लॉट कापले. नऊ वीसला! दिवसातला वरचा भाव नेमका तोच, दुपारी डॉलर वीस पैसे खाली आला, बावीस हजारांचा फरक, मी बँकेत चेक भरायच्या लाइनीत उभा होतो. बरं, कापायच्या आधी फोन? नाही. मेसेज आला नऊ एकोणीसला, एक मिनिट आधी, त्याला ते सूचना म्हणतात. सौदा घ्यायचा होता तेव्हा हाच मुलगा दिवसातून तीनदा फोन करायचा, पोहे खाल्ले का विचारायचा, दिवाळीला मिठाई पाठवली होती, मात्र कापताना कंप्यूटर कापतो आणि "सिस्टम से हुआ है सर." सिस्टमनंच कापलं, मी हातही लावला नाही, तरी प्रत्येक ऑर्डरला पन्नास रुपये कॉल अँड ट्रेडचे, म्हणजे फोनवरून सौदा केल्याचे, वर जीएसटी. सत्त्याहत्तर हजारांवर रोज ०.०५ टक्के व्याज, ऐकायला किती नाजूक, वर्षाला अठरा टक्के होतात, सावकारानं तोंडावर तरी सांगितलं असतं. आणि मी दोन दिवस मागितले, फक्त दोन, एफडी मोडायला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे शेअर विकले. कुठले विकायचे हेही विचारलं नाही, जे आधी हाताला लागले ते. त्यातली एक कंपनी त्यांनी रिटायर झाले तेव्हा घेतली होती.

सगळं वळतं करून १,१४० रुपये अजून बाकी निघाले. कशाचे ते तीन वेळा विचारलं, तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. त्याचे रोज दोन मेसेज येतात.

ठीक आहे, गंमत पुरे.

ब्रोकरला शिव्या देऊन झाल्या, पण डिक्लेरेशनवर खोटं टिक मी केलं, त्यानं नाही. ९६ लाखांचा सौदा मी घेतला, एकदाही गुणाकार न करता, आणि मी कॉमर्सचा पदवीधर आहे. अहो, तुम्ही घराच्या टाइल्स घेताना चार दुकानं फिरता, सराफ्यात दहा रुपयांवरून भांडता, आणि इथे बसल्या बसल्या लाख डॉलर विकता? कुणाच्या भरवशावर? ज्याचा पगार तुम्ही किती वेळा सौदा करता त्यावर ठरतो त्या विजयनगरच्या कॉल सेंटरमधल्या पोराच्या? त्याला रुपयातलं काय कळतं, आणि तुम्हाला तरी काय कळतं? गहाण म्हणजे गहाण, त्याला प्लेज म्हटलं म्हणून ते बदलत नाही, आजी असती तर तिनं मुस्काटात दिली असती. आपल्या मराठी समाजाच्या ग्रुपवर अजून रोज सकाळी कुणीतरी प्रॉफिटचा स्क्रीनशॉट टाकतो आणि खाली वीस जण अंगठे दाखवतात. लेजरचा स्क्रीनशॉट टाका ना, लाज का वाटते? मी माझा कालच टाकला, एकही अंगठा आला नाही. एक मेसेज मात्र आला, पर्सनलवर: "काका, मग आता डॉलर घ्यायचा का?"

त्यानं पुढच्या वर्षी आरतीला आमच्या घरी येऊ नये.