मृतांचा एकच आकडा पुरेसा नाही

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ आले की दुसऱ्या दिवसापासून मृतांचा आकडा जाहीर होऊ लागतो. त्यात स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. ही माहिती पहिल्या दिवसापासून, वयोगटासह, जाहीर झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माणसे नेमकी कशामुळे दगावली हे समजून घ्यायचे असेल, तर लाटेची उंची किंवा भूकंपाची तीव्रता जितकी महत्त्वाची, तितकीच ही माहितीही महत्त्वाची आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने इंडोनेशियातील आचे प्रांतात पाहणी केली, तेव्हा चार गावांत वाचलेल्या ६७६ लोकांमध्ये स्त्रिया अवघ्या १८९ होत्या. तमिळनाडूतील कडलूरमध्ये ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष मृत्युमुखी पडल्याची नोंद त्याच पाहणीत आहे. खोल समुद्रात त्सुनामीची लाट होडीखालून जाते आणि होडीतल्या माणसाला ती फारशी जाणवतही नाही. तीच लाट किनाऱ्याशी आल्यावर उंच उठते. मासेमारीला गेलेले पुरुष त्यामुळे वाचले, आणि मासळी उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावर थांबलेल्या किंवा घरात मुलांजवळ असलेल्या स्त्रिया लाटेच्या तडाख्यात सापडल्या. पोहणे आणि झाडावर चढणे हे मुलग्यांना लहानपणीच येते, मुलींना शिकवले जात नाही. कडेवर मूल आणि हाताशी म्हातारे माणूस असताना धावण्याचा वेग किती उरतो, याचा विचार कोणीही करून पाहावा.

एप्रिल १९९१ मधील बांगलादेशच्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. वीस ते चव्वेचाळीस या वयोगटात दर हजारी मृत्यू पुरुषांमध्ये १५ होते, तर स्त्रियांमध्ये ७१. हे वय शरीराने धडधाकट असण्याचे आहे, म्हणून हा फरक शारीरिक दुर्बलतेच्या नावावर टाकता येत नाही. धोक्याचा इशारा चौकात आणि बाजारात पुरुषांच्या कानावर पडत होता, घर सोडण्याचा निर्णय नवऱ्याने घ्यायचा होता, आणि निवारा केंद्रांत स्त्रियांसाठी वेगळी जागा किंवा स्वच्छतागृहे नसल्याने तिथे जाणेच अनेकींना अवघड वाटत होते. पुढे त्या देशाने निवारे वाढवले, इशारा घरोघरी पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये स्त्रियांना घेतले, आणि २००७ च्या सिद्र चक्रीवादळात एकूण मृत्यू तर घटलेच, पण स्त्री-पुरुषांमधील तफावतही बरीच कमी झाली. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एरिक नॉयमायर आणि थॉमस प्ल्यूम्पर या संशोधकांनी १९८१ ते २००२ या काळातील १४१ देशांची माहिती तपासून २००७ मध्ये हेच दाखवले: आपत्तीमुळे स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटते, परंतु जिथे स्त्रियांचा सामाजिक आणि आर्थिक दर्जा चांगला आहे तिथे हा फरक कमी होतो.

याचा अर्थ दर वेळी स्त्रियाच अधिक दगावतात असा मात्र नाही, आणि स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवूही नये. अमेरिकेत पुरात आणि विजा पडून मरणाऱ्यांत पुरुष अधिक असतात. ऑस्ट्रेलियातील वणव्यांत घर वाचवण्यासाठी मागे थांबणारे बहुधा पुरुषच असतात. पुरुषाने घाबरायचे नाही, ही अपेक्षाही माणसे मारते. उष्णतेच्या लाटांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९९५ साली शिकागोत, वय समान धरले तर, पुरुषांना मृत्यूचा धोका स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होता. एकटे राहणारे, कोणाशी फारसा संबंध न उरलेले वृद्ध पुरुष त्यात मोठ्या संख्येने होते. २००३ साली फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार अतिरिक्त मृत्यू (त्या काळात एरवी होतात त्याहून जास्तीचे) झाले आणि तिथे, समान वयाची तुलना करूनही, स्त्रियांचे प्रमाण जास्त निघाले. संकट एकच, निष्कर्ष उलटे. ज्यांनी मोजले त्यांनाच हे कळले.

आपत्ती ओसरल्यानंतरची कथाही वेगळी नाही. मदतीचा अर्ज कुटुंबप्रमुखाच्या नावाने भरला जातो, आणि विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी स्त्री त्या रकान्यात बसत नाही. छावणीतील शौचालय लांब आणि अंधारात असेल, तर स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात. पाळी आणि बाळंतपण संकट पाहून थांबत नाही, तरीही सॅनिटरी पॅड मदतीच्या यादीत अनेकदा उशिरा येतात. पुरुषांच्या बाबतीत रोजगार गेल्याचे दुःख दारूत बुडते आणि समुपदेशनाला जायला ते तयार नसतात. त्याची झळ पुन्हा घरातच बसते.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत स्वीकारलेल्या, आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठीच्या सेंदाई आराखड्याने लिंग, वय आणि अपंगत्व यांनुसार माहिती गोळा करण्यास सांगितले आहे. मृत्यूच्या नोंदीत वय आणि लिंग सहसा लिहिलेले असतेच, त्यामुळे बातमीपत्रकात दोन रकाने वाढवणे हे काही मोठे काम नाही. त्याच्या जोडीने वाचलेल्यांना तीन प्रश्न विचारले जावेत: इशारा कोणाकडून कळला, घर सोडायचे कोणी ठरवले, आणि निघताना कोणाला सोबत न्यावे लागले. पुढच्या निवाऱ्याची जागा आणि रचना या उत्तरांवरून ठरावी.