पेन्शनचं दोन पानी पत्र

जर्मनीत पाच वर्षं वर्गणी भरलेल्या, सत्ताविशी ओलांडलेल्या प्रत्येकाला पेन्शन खात्याकडून वर्षाला एक पत्र येतं. त्यात आजवर किती पॉइंट जमले, तेवढ्यावर किती मिळेल आणि असंच चालू राहिलं तर 67 व्या वर्षी महिन्याला किती, हे मुख्यतः असतं. वर्षभर सरासरी पगाराइतकं कमावलं की एक पॉइंट. जुलै 2025 मध्ये एका पॉइंटचे महिना 40.79 युरो ठरले. म्हणजे चाळीस वर्षं सरासरी पगारावर राबलेल्या माणसाच्या नावावर सोळाशे युरो आणि वर थोडे. त्यातून आरोग्यविमा कापला जातो. मी राहतो त्या स्टुटगार्टमध्ये उरलेल्यातला मोठा घास घरभाड्यालाच जातो.

माझं पत्र आलं त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर पेन्शनवरून जुंपली होती. बहीण जिल्हा परिषद शाळेत 2006 साली लागली. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी, हमीची पेन्शन नाही, त्यामुळे मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत तीही बसली होती. हिंजवडीतला चुलतभाऊ म्हणतो, सरकारच्या तोंडाकडे कशाला बघायचं, म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी कर. सोबत स्वतःच्या फोलिओचा स्क्रीनशॉट, अर्थात बाजार वर असतानाचा.

मग ताईने विचारलं, “तुमच्याकडे कसं रे?” मी ऐटीत लिहिलं, इथे सगळ्यांना एकच नियम. आणि दुसऱ्याच दिवशी तोंडावर पडलो. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका हसल्याच. त्यांच्या शाळेत एकाच स्टाफरूममध्ये दोन जाती होत्या. काही ‘बेआम्टे’, म्हणजे कायम सरकारी सेवक, तर काही करारावरचे पगारी. बेआम्टे पेन्शनची वर्गणी भरत नाहीत आणि सेवा पूर्ण झाली की शेवटच्या पगाराच्या 71.75 टक्क्यांपर्यंत घेतात. बाकीच्यांना पॉइंट. मे 2025 मध्ये कामगारमंत्री बेर्बेल बास यांनी बेआम्टेंनाही सामायिक पेन्शनमध्ये आणावं असं सुचवलं, तर केवढा गहजब झाला.

ताईची बाजू मला कळते. पण हमीचा खर्च कुठून तरी यावा लागतो, तोही इथे डोळ्यांसमोर आहे. पगाराच्या 18.6 टक्के वर्गणी (निम्मी मालकाची) पुरत नाही म्हणून जर्मन केंद्र सरकारची तिजोरी दरवर्षी शंभर अब्ज युरोंहून जास्त घालते, आणि मोठ्या संख्येने जन्मलेली साठीतली पिढी आत्ता निवृत्त होते आहे. तिकडे भारतात ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रापाठोपाठ महाराष्ट्रानेही निम्म्या पगाराच्या हमीची युनिफाइड पेन्शन स्वीकारली. ताईचा प्रश्न निदान मंत्रिमंडळापर्यंत पोचला. चुलतभावाकडे महिनाअखेर पैसे उरतात.

या भांडणात एक माणूस कधी बोलला नाही. आमचे बाबा. एसटीत कंडक्टर होते, पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, दोन हजार आणि थोडे सुट्टे. या योजनेची किमान पेन्शन 2014 साली हजार रुपये ठरली, ती 2025 संपला तरी हजारच. साडेसात हजारांसाठी बुलढाण्यात म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं, पण आमच्या ग्रुपवर त्याची एक बातमी आली नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांत आज राबणारेही याच वाटेने जाणार, आणि चर्चा मात्र अर्ध्या पगाराची नाहीतर म्युच्युअल फंडाची.

जर्मनीकडून काही उचलायचं तर मी ते पत्र उचलेन. पीएफच्या पासबुकात जमा दिसते, महिन्याला हातात काय पडणार ते दिसत नाही. बाबांना स्वतःचा आकडा कळला तो निवृत्तीनंतर, पहिली रक्कम बँकेत आली तेव्हा. त्यांना वाटलं, अर्धीच आली, उरलेली मागून येईल.

परवा फोनवर त्यांना माझं पत्र मराठी करून वाचून दाखवलं. सदुसष्टावर ते अडकले. “सदुसष्ट? तोवर गाडीत उभं राहवतं का कुणाला?” मग थोडं थांबून म्हणाले, “पण वीस वर्षं आधीच सांगतात, किती कमी पडणार ते? आम्हाला सांगितलं असतं तर गावचं वावर विकलं नसतं.”